पिकातली पायवाट : इंग्लंडच्या शेतांतून आणि रानांतून चालण्याचा हक्क कसा टिकला?

१/ इंग्लंडच्या ग्रामीण भागात मे महिन्यात चालणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. गुडघाभर वाढलेल्या गव्हाच्या शेतातून, या बांधापासून त्या बांधापर्यंत, मीटरभर रुंदीची मोकळी पट्टी गेलेली असते. गुरांनी किंवा माणसांनी पीक तुडवून झालेली ती वाट नव्हे. शेतकऱ्याने ती स्वतःच्या पिकातून स्वतःच राखलेली असते, आणि तिच्यावरून जाणारा माणूस बहुधा त्याच्या ओळखीचाही नसतो.

२/ हा त्याचा मनाचा मोठेपणा असेलही. पण त्यामागे कायदा आहे. १९९० च्या कायद्यानुसार पायवाट शेताच्या मधून जात असेल, तर पेरणीसाठी नांगरल्यावर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. त्यानंतर कुळवणी वगैरे कामांत ती मोडली, तर मुदत अवघी २४ तासांची. वाटेची रुंदी किमान एक मीटर राहिली पाहिजे. वाट शेताच्या कडेने जात असेल तर ती नांगरताच येत नाही.

३/ इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटांचे जाळे सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचे आहे. पृथ्वीला विषुववृत्तावरून पाच प्रदक्षिणा घालूनही ते उरेल. यातील बहुतांश वाटा राष्ट्रीय उद्यानांत नाहीत की पर्यटनस्थळीही नाहीत. त्या खाजगी शेतांतून, कुरणांतून, रानांतून, क्वचित कुणाच्या अंगणाशेजारून जातात.

जगात इतरत्र सहसा न आढळणारी ही व्यवस्था कोणी एका राजाने दिली नाही, आणि एका कायद्याने ती आलीही नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांची भांडणे आहेत.

४/ आधी कायद्यातील मूळ कल्पना. इंग्लिश कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक पायवाट हा ‘हायवे’च असतो. जमीन मालकाची, पण तिच्यावरून ये-जा करण्याचा हक्क सर्वांचा. मराठीत ‘वहिवाट’ हा शब्द ज्या अर्थाने रुळला आहे, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. तिच्याबरोबर एक जुने तत्त्व येते : एकदा सार्वजनिक ठरलेला रस्ता कायमचा सार्वजनिक. लोकांनी पन्नास वर्षे त्यावर पाऊल टाकले नाही, तरी तेवढ्याने हक्क मरत नाही. हे तत्त्व लक्षात ठेवावे. या कथेच्या शेवटी तेच पणाला लागलेले दिसेल.

५/ वाटा मुळात पडल्या कशा? निसर्गसौंदर्य पाहायला तर नक्कीच नाही. शेतावर जायला, पाणचक्कीवर दळण न्यायला, बाजाराला, रविवारी चर्चला आणि अखेरीस चर्चच्या दफनभूमीत. डार्टमूरच्या माळावरील दूरच्या वस्त्यांना आपले मृतदेह लिडफर्डच्या चर्चपर्यंत मैलोनमैल वाहून न्यावे लागत. १२६० मध्ये एक्सेटरच्या बिशपने त्यांतल्या काहींना जवळच्या विडकमच्या चर्चला जाण्याची सवलत दिली. ती जुनी वाट ‘लिच वे’ म्हणजे प्रेतवाट या नावाने आजही चालता येते.

(ज्या वाटेने प्रेत नेले ती वाट आपोआप सार्वजनिक होते, असा समज इंग्लंडच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या होता. कायद्यात त्याला काहीही आधार नाही. मात्र असा समज रुजतो, यावरूनच वाटेचा हक्क लोकांना किती मोलाचा वाटत होता हे कळते.)

६/ मध्ययुगीन इंग्लंडच्या मोठ्या भागात आजच्यासारखी कुंपणबंद शेते नव्हती. गावाभोवती दोन-तीन विस्तीर्ण उघडी शिवारे असत. त्यांत प्रत्येक कुटुंबाच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या असत. त्यापलीकडे गायरानासारखी सामायिक जमीन : गुरे चारायला, सरपण आणायला, पीट खणायला. तिची मालकी कागदावर जमीनदाराची, पण वापराचे हक्क गावकऱ्यांचे. अशा मोकळ्या शिवारात वाट अडवायला मुळात कुंपणच नव्हते.

७/ मग ‘एन्क्लोजर’ आले, म्हणजे सामायिक जमिनीची वाटणी करून तिला कुंपण घालणे. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, कुंपणाआड गेला. एकेका गावासाठी एकेक स्वतंत्र कायदा होई. आयुक्त येत, मोजणीदार साखळी टाकत, जुने हक्क तपासून नवे तुकडे वाटले जात. ज्याच्याकडे लेखी हक्क होता त्याला जमीन मिळाली. ज्याची फक्त गाय सामायिक कुरणात चरत होती, त्याला बहुधा काहीच मिळाले नाही. ज्यांना लहान तुकडा मिळाला, त्यांतल्या अनेकांना कुंपणाचा खर्चच झेपला नाही आणि तुकडा विकावा लागला.

८/ इंग्लंडचे म्हणून जे चित्र जगभर ओळखले जाते, हिरव्या चौकोनांभोवती काटेरी झुडपांची जिवंत कुंपणे, त्याचा मोठा भाग या वाटणीतून जन्मला आहे. हॉथॉर्न हे काटेरी झुडूप मैलोनमैल लावले गेले. आज त्या कुंपणांत पक्षी घरटी करतात, निसर्गप्रेमी त्यांच्या रक्षणासाठी मोहिमा काढतात. लावली तेव्हा मात्र त्यांचे काम माणसे आणि गुरे बाहेर ठेवण्याचे होते.

आयुक्तांना रस्ते नव्याने आखण्याचाही अधिकार असे. सरळसोट, रुंद, दोन्ही बाजूंनी कुंपणे असलेले रस्ते आले. नव्या आराखड्यात ज्या जुन्या वाटेला जागा मिळाली नाही, ती कायद्याने संपली.

९/ हे स्थित्यंतर ज्याने आतून पाहिले, असा एक साक्षीदार आहे : कवी जॉन क्लेअर. जन्म १७९३, नॉर्थॅम्प्टनशायरमधील हेल्प्स्टन या खेड्यातील शेतमजुराचे घर. हेल्प्स्टनच्या वाटणीचा कायदा १८०९ मध्ये झाला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. अंतिम निवाडा १८२० मध्ये आला. लहानपणी ज्या माळावर तो मोकळा हिंडला, तो त्याच्या डोळ्यांदेखत तुकड्या-तुकड्यांत कापला गेला. पोटासाठी कुंपणे घालण्याच्या कामावर मजुरी करण्याची वेळही त्याच्यावर आली. एन्क्लोजरविषयीच्या त्याच्या कवितांत जी चीड आहे, ती ऐकीव नाही.

१०/ क्लेअरच्या आयुष्यातील एक पायपीट इथे सांगायलाच हवी. मानसिक आजारामुळे त्याला लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलातील हाय बीच येथील रुग्णालयात ठेवले होते. जुलै १८४१ मध्ये तो तेथून निघाला आणि चार दिवसांत सुमारे ८० मैल, म्हणजे १३० किलोमीटर, चालत घरी पोचला. खिशात पैसे नव्हते. भूक लागल्यावर त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले. त्याच्या मनात ओढ होती ती बालपणीच्या प्रेयसीला भेटण्याची. ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. कोणी सांगितले तरी त्याला ते पटत नव्हते.

११/ वाटणीतून ज्या वाटा वाचल्या, त्यांच्यावर दुसरे संकट १८१५ च्या कायद्याने आले. ‘अनावश्यक’ पायवाट बंद करण्यासाठी आता दोन स्थानिक मॅजिस्ट्रेटांचा हुकूम पुरे झाला. हे मॅजिस्ट्रेट कोण? त्याच परिसरातील जमीनदार. आज एकाने दुसऱ्याच्या बागेतून जाणारी वाट बंद करायची, उद्या दुसऱ्याने पहिल्याची. वाट बंद झाल्याचे गावाला अनेकदा फाटकाला कुलूप दिसल्यावरच कळे.

१२/ प्रतिकार सुरू झाला तो शहरांतून. १८२४ मध्ये यॉर्कला आणि १८२६ मध्ये मँचेस्टरला प्राचीन पायवाटांच्या रक्षणासाठी संघटना उभ्या राहिल्या. मँचेस्टरजवळ फ्लिक्स्टन येथे राल्फ राइट नावाच्या जमीनदाराने आपल्या जमिनीतून जाणाऱ्या पायवाटेवर बंदी आणली, हे त्या संघटनेचे निमित्त. लोकांनी अडथळे मोडले, मग वर्गणी काढून वकील लावले आणि ती वाट परत मिळवली.

१३/ मँचेस्टरच का? तिथे सुताच्या गिरण्या होत्या, आणि गिरणीकामगाराला रविवारी श्वास घ्यायला दुसरी जागा नव्हती. सार्वजनिक उद्याने त्या काळी जवळपास नव्हतीच. लोकांना फिरायला जागा आहे का, याचा तपास करायला संसदेने समिती नेमली ती १८३३ मध्ये. तोवर शहराबाहेरच्या शेतांतून जाणारी पायवाट हीच गरिबाची बाग होती.

१४/ शेतापेक्षा रान अधिक धोक्याचे होते. इंग्लंडमधील खाजगी रानांचे मोठे मोल शिकारीसाठी होते. तितर आणि फेझंट पोसायचे, हंगामात पाहुणे बोलावून मारायचे. या पक्ष्यांच्या राखणीसाठी पगारी राखणदार असत. एवढ्याने भागेना म्हणून झुडपांत माणसाचा पाय पकडणारे लोखंडी सापळे आणि तारेला पाय लागताच सुटणाऱ्या बंदुका लावल्या जात.

१५/ १८२० मध्ये ‘इलट विरुद्ध विल्क्स’ हा खटला गाजला. रानात जंगली काजूसारखी फळे, म्हणजे ‘नट्स’, वेचायला गेलेला एक माणूस अशा बंदुकीने जखमी झाला. न्यायालयाने त्याला भरपाई नाकारली. कारण काय, तर रानात बंदुका लावल्याची सूचना त्याला ठाऊक होती! मूठभर फळांसाठी अंगात छर्रे, आणि वर न्याय मालकाच्या बाजूने. यावर संसदेत आणि वृत्तपत्रांत बरीच वर्षे वाद झाले. अखेर १८२७ मध्ये या बंदुका आणि सापळे बेकायदा ठरले. रात्री राहत्या घराच्या रक्षणाचा अपवाद तेवढा ठेवला.

१६/ सापळे गेले, पाट्या राहिल्या. ‘आत येणाऱ्यावर खटला भरला जाईल’ ही पाटी इंग्लंडच्या रानांत शंभर-दीडशे वर्षे लटकत होती. इंग्लिश कायद्यात नुसत्या विनापरवाना प्रवेशावर फौजदारी खटला भरता येतच नव्हता. मालक फार तर दिवाणी दावा लावू शकत होता. या पाट्यांना चालणारी मंडळी थट्टेने ‘लाकडी थापा’ म्हणत. थाप असली तरी ती काम करी. खेड्यातल्या मजुराला कायद्याचे बारकावे कोण सांगणार?

१७/ १८६५ मध्ये ‘कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटी’ स्थापन झाली आणि लढ्यात वकील, खासदार, लेखक आले. पुढच्याच वर्षी तिने एक नाट्यमय पाऊल उचलले. हर्टफर्डशायरमधील बर्कहॅमस्टेड येथे लॉर्ड ब्राउनलो यांनी सामायिक माळाचा मोठा भाग लोखंडी कुंपणाने बंद केला होता. त्या माळावर हक्क असलेल्या ऑगस्टस स्मिथ यांनी लंडनहून शंभरांवर मजुरांची खास रेल्वेगाडी रात्री रवाना केली. ६ मार्च १८६६ च्या पहाटे गाव जागे झाले तेव्हा सुमारे तीन मैलांचे कुंपण उखडून व्यवस्थित रचून ठेवलेले होते. ‘व्यवस्थित रचून’ हे महत्त्वाचे. मालमत्तेची नासधूस केली, असा आरोप होऊ नये याची ती दक्षता होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८७० मध्ये निकाल स्मिथ यांच्या बाजूने लागला.

१८/ श्रीमंताने रेल्वेगाडी भाड्याने घेतली, तर गरिबाने कुऱ्हाड उचलली. क्लेअर ज्या एपिंगच्या जंगलातून निघाला होता, त्याच जंगलाच्या कडेला लाउटन हे गाव आहे. हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा या गावाचा जुना हक्क होता. परंपरा अशी की दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री कोणीतरी पहिली फांदी तोडली पाहिजे. एक वर्ष जरी खंड पडला तरी हक्क बुडाला. जंगल बंदिस्त झाल्यावरही टॉमस विलिंगेल हा वृद्ध मजूर फांद्या तोडायला जात राहिला. १८६६ मध्ये त्याच्या घरातील तरुणांना त्यासाठी सश्रम कारावास झाला. जंगल बंदिस्त करणारा जमीनदार हाच त्या गावचा धर्मगुरूही होता, हे विशेष.

१९/ विलिंगेल १८७० मध्ये वारला. निकाल त्याला पाहता आला नाही. पुढे लंडन महापालिकेने हा लढा हाती घेतला. १८७८ मध्ये एपिंगसाठी खास कायदा झाला आणि सुमारे सहा हजार एकरांचे ते जंगल कायमचे लोकांसाठी मोकळे राहिले. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने येऊन ते जनतेला अर्पण केले. जंगल वाचवण्याची सुरुवात मात्र मध्यरात्री तोडलेल्या फांद्यांपासून झाली होती.

२०/ सगळे लढे जिंकले गेले असे नाही. १८९६ मध्ये बोल्टनजवळ विंटर हिलवरची जुनी वाट कर्नल एन्सवर्थ यांनी शिकारीसाठी बंद केली. ६ सप्टेंबरच्या रविवारी सुमारे दहा हजार लोक फाटक ओलांडून टेकडीवर चालून गेले. इतका मोठा समुदाय वाटेसाठी इंग्लंडमध्ये त्याआधी क्वचितच जमला असेल. न्यायालयात निकाल लोकांच्या विरुद्ध गेला. ती वाट अधिकृतपणे सार्वजनिक झाली ती १९९६ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

२१/ आता १९३२. इंग्लंडमधील चालण्याच्या हक्काचा इतिहास म्हटला की हेच वर्ष सांगितले जाते. २४ एप्रिलला मँचेस्टरचा वीस वर्षांचा बेनी रॉथमन आणि काहीशे तरुण कामगार हेफील्ड गावाहून किंडर स्काउटच्या बंद पठारावर चढले. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. आरोप दंगल आणि मारहाणीचे लावावे लागले, कारण नुसते चालणे हा गुन्हा नव्हता. पाटी थाप होती, ती अशी सिद्ध झाली. २००२ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकनी आपल्या घराण्याच्या वतीने या प्रकरणाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

२२/ किंडरचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण किंडर हे ओसाड पठार आहे. शेतातल्या आणि रानातल्या पायवाटेचे भाग्य ठरवणारी घटना त्याच वर्षी, कुठलीही झटापट न होता, संसदेत घडली : ‘राइट्स ऑफ वे अ‍ॅक्ट, १९३२’. गाणी पहिल्या घटनेवर झाली, पण दैनंदिन उपयोग दुसरीचा झाला.

२३/ त्या कायद्यापूर्वी वाट सार्वजनिक ठरवायची तर कोणत्या तरी मालकाने ती लोकांना ‘अर्पण’ केली होती, हे दाखवावे लागे. मोठ्या घराण्यांच्या जमिनी वारसाहक्काच्या अटींत अशा बांधलेल्या असत की हयात मालक सरळ म्हणे : ‘मी फक्त जन्मभराचा उपभोक्ता, वाट देऊन टाकण्याचा मला अधिकारच नाही.’ पणजोबाही तसाच, नातूही तसाच. शंभर वर्षे लोक चालले तरी वाट द्यायला कायद्याच्या दृष्टीने कोणी मालकच सापडत नसे! १९३२ च्या कायद्याने ही पळवाट बंद केली. लोक सलग २० वर्षे, परवानगी न मागता, उघडपणे आणि बिनविरोध चालले असतील तर वाट सार्वजनिक मानायची. ती तशी नाही हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर आली.

२४/ वीस वर्षांचा हा आकडा मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. त्याचे मूळ १८३२ च्या इंग्लिश ‘प्रिस्क्रिप्शन अ‍ॅक्ट’मध्ये आहे. त्या परंपरेतूनच १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा घडला आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. शेजाऱ्याच्या शेतातून वीस वर्षे बिनहरकत बैलगाडी गेली तर वहिवाटीचा हक्क तयार होतो, हे आपल्याकडचे सूत्र तिथून आलेले. वाट अडवल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागण्याची सोय महाराष्ट्रात आजही वापरात आहे. फरक एवढाच की आपल्याकडचा सुविधाधिकार हा शेतकऱ्याला आपल्या जमिनीपर्यंत पोचण्यासाठी असतो. इंग्लंडच्या पायवाटेवर हक्क सांगायला जवळपास जमीन असावी लागत नाही. दोन पाय पुरतात.

२५/ दुसऱ्या महायुद्धात धान्याच्या टंचाईमुळे लाखो एकर कुरणे नांगराखाली आली आणि त्यांच्याबरोबर कित्येक वाटाही. युद्धानंतर प्रश्न उभा राहिला : वाटा आहेत तरी कुठे? एकत्रित नोंद कुठेच नव्हती. सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर पायवाटा दिसत, पण १८८८ पासून त्या नकाशांवर एक तळटीपही छापली जाई : नकाशात वाट दाखवली म्हणजे तिथे सार्वजनिक हक्क आहेच असे नाही. म्हणजे नकाशा होता, पण पुरावा नव्हता.

२६/ १९४९ मध्ये क्लेमंट अ‍ॅटली यांच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. उद्यानांचे कौतुक झाले. त्याच कायद्यात एक रूक्ष तरतूद होती. प्रत्येक काउंटीने सार्वजनिक वाटांचा ‘निर्णायक नकाशा’ तयार करायचा. त्यासाठी पाहणी कोणी करायची? पॅरिश परिषदांनी, म्हणजे साधारणपणे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी. म्हणून १९५० च्या सुमारास इंग्लंडभर गावोगावचे शिक्षक, शेतकरी, निवृत्त पोस्टमन हातात नकाशा आणि पेन्सिल घेऊन आपल्याच गावच्या वाटा चालू लागले. कुठे फाटक मोडले आहे, कुठे कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आहेत, ही वाट कशावरून सार्वजनिक, असे रकाने भरू लागले. या नकाशावर आलेली वाट हा निर्विवाद पुरावा ठरणार होता.

२७/ पाहणी एकसारखी झाली नाही. ज्या गावात कोणी उत्साही होते, तिथे प्रत्येक बोळ नोंदला गेला. परिषदेवर मोठ्या शेतकऱ्यांचा वरचष्मा होता, तिथे नकाशे विरळ राहिले. एका गावात ठळक दिसणारी वाट गावाच्या सीमेवर येऊन अचानक संपते, कारण शेजारच्या गावाने तिची नोंदच केली नाही! असे लोंबते धागे इंग्लंडच्या नकाशांवर आजही दिसतात.

२८/ पुढच्या दशकांत शेती बदलली. यंत्रे मोठी झाली, कुंपणे काढून शेते जोडली गेली, वाटा नांगरल्या गेल्या. त्यावर एकेक नियम आला. सुरुवातीला सांगितलेला १४ दिवसांचा नियम त्यांपैकीच. एक नियम तर बैलापेक्षाही वळूच्या स्वभावाचा अभ्यास करून केला आहे. १९८१ च्या कायद्यानुसार सार्वजनिक वाट असलेल्या कुरणात दहा महिन्यांवरील दुधाळ जातीचा वळू सोडता येत नाही. जर्सी, होल्स्टीन, फ्रिजियन, गर्न्सी अशी जातींची नावेच कायद्यात आहेत. इतर जातींचा वळू चालतो, पण सोबत गाई किंवा कालवडी हव्यात. दुधाळ जातींचे वळू जास्त रागीट, हा गोठ्यातला अनुभव थेट कायद्यात उतरला आहे.

२९/ अडवणूक करणारेही बदलले. ससेक्समधील फ्रॅमफील्ड गावात ९ क्रमांकाच्या पायवाटेवर एका धनाढ्य इसमाच्या इस्टेटीने फाटक, काटेरी तारा आणि जुने रेफ्रिजरेटर रचून ठेवले होते. कित्येक वर्षांच्या कज्ज्यांनंतर फेब्रुवारी २००३ मध्ये ती वाट खुली झाली. पायवाटांसाठी आयुष्यभर झगडलेल्या केट अ‍ॅशब्रुक यांनी हातात कातर घेऊन कुलूप तोडले. राल्फ राइटचे फाटक आणि हे रेफ्रिजरेटर यांत पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. अडवण्यामागची वृत्ती तीच.

३०/ याच सुमारास पेच पडला तो मात्र कायद्यातूनच. २००० च्या कायद्याने डोंगर-माळांवर मुक्त संचार दिला. त्याचबरोबर एक मुदतही घातली. १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत निर्णायक नकाशावर येणार नाहीत, त्यांच्यावरील हक्क काही अपवाद वगळता संपेल. ‘एकदा सार्वजनिक तो कायमचा सार्वजनिक’ हे शतकांचे तत्त्व एका तारखेपुढे निष्प्रभ होणार होते. जमीनमालकांना निश्चितता हवी होती, हे त्यामागचे कारण. आणि ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. शेत विकत घेणाऱ्याला दोनशे वर्षांपूर्वीची वाट अचानक अंगणात उगवायला नको असते.

३१/ २०२० मध्ये ‘रॅम्ब्लर्स’ या संस्थेने जुन्या आणि नव्या नकाशांची तुलना करण्याचे आवाहन केले. हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या काही आठवड्यांत इंग्लंड आणि वेल्सचा चौकोन न्‌ चौकोन तपासला. नोंदीतून सुटलेल्या संभाव्य वाटा निघाल्या ४९,००० मैलांहून अधिक, म्हणजे जवळपास ७९,००० किलोमीटर. इंग्लंडमध्ये सरकारने मुदत आधी रद्द करू म्हटले, मग २०३१ पर्यंत वाढवली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पूर्ण रद्द करण्याचा मनोदय पुन्हा जाहीर केला.

३२/ मुदत असो वा नसो, प्रत्येक वाटेसाठी पुरावा लागतोच. म्हणून आज वाट शोधणारे अभ्यासक शेतात जातात त्याहून जास्त वेळ दफ्तरखान्यात बसतात. एन्क्लोजरचे निवाडे, चर्चच्या दशांश-कराचे नकाशे, रेल्वेचे आराखडे असे कागद उलगडतात. त्यांतला सर्वांत गमतीदार पुरावा १९१० चा आहे. त्या वर्षी लॉइड जॉर्ज यांच्या अर्थसंकल्पाने जमिनीच्या वाढत्या किमतीवर कर बसवला आणि देशभर जमिनींचे मूल्यमापन झाले. जमिनीतून सार्वजनिक वाट जाते असे मालकाने सांगितले, तर मूल्यातून तेवढी वजावट मिळे. खोटी माहिती दिल्यास शिक्षा होती.

कर काही वर्षांत रद्द झाला. मूल्यमापनाच्या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत. पणतू ज्या शेतात ‘इथे कधीच वाट नव्हती’ म्हणून सांगतो, त्याच शेताच्या पानावर, वजावटीच्या रकान्यात, पणजोबाने वाटेपोटी मागितलेले पौंड आणि शिलिंग शाईने लिहिलेले सापडतात.